आईनंतर घर कोण चालवतं, तिथून कादंबरी सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर नागपूरला, धंतोलीत. वडील आधीच गेलेले, आई दोन वर्षांपूर्वी गेली. पाठोपाठ घर विकलं गेलं आणि आता त्या जागी फ्लॅट स्कीम उभी राहते आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात. त्यांनी आईवर आणि घरावर १६० पानं लिहिली. ज्यांनी वाचली ते सगळे रडले, पण पुढची पानं कोणी मागितली नाहीत. याची कादंबरी होईल का, सुरुवात कुठून करावी, नागपूर किती आणावं, बोली वापरावी का, शेवट कुठे करावा आणि भाऊ-वहिनी दुखावतील त्याचं काय, हे त्यांना विचारायचं आहे. मी कादंबऱ्या लिहिते आणि बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर काम करते आहे, त्या अनुभवावरून सांगते.

तुमची पानं सावकाश वाचली. भाषा चांगली आहे, आई डोळ्यांसमोर उभी राहते. अडचण दुसरीकडे आहे. प्रत्येक प्रकरण एका वस्तूपासून निघतं, कधी शिलाई मशीन, कधी तुळस, कधी चष्म्याची डबी, आणि फिरून 'ती आता नाही' या ठिकाणी येऊन थांबतं. तिसऱ्या प्रकरणापासूनच वाचकाला कळतं की हेही तिथेच जाणार. तो रडतो हे खरं, पण पुष्कळदा तो स्वतःच्या आईसाठी रडत असतो आणि तुमची पानं त्याला निमित्त होतात. पुढे काय झालं असं तो विचारत नाही, कारण पुढे काही होणार आहे असं तुम्ही त्याला कुठे जाणवूच दिलेलं नाही.

गेलेलं माणूस आता काही मागू शकत नाही. रुसू शकत नाही, सही करायला नकार देऊ शकत नाही, रात्री उठून दार लावू शकत नाही. कादंबरी पुढे सरकते ती कोणाला तरी काहीतरी हवं असतं म्हणून. त्यामुळे आई हा विषय असू द्या, पण नायिका तिला करू नका. गोष्ट मागे उरलेल्यांची आहे. आई घरात जे जे करत होती ते आता कोण करणार, कोणाला करू दिलं जाणार आणि कोण ते करायला साफ नकार देणार, यातून तुमची कादंबरी उभी राहील. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच आहे. एवढा बदल केलात तर तुमचे बाकीचे प्रश्न निम्मेअधिक सोपे होतील.

म्हणून आधी एक कोरी वही घ्या आणि आई घरात काय काय करायची ते लिहून काढा. 'सगळ्यांवर माया करायची' असलं काही लिहू नका. कामं लिहा. दुधाचा हिशोब कोण ठेवायचं, गॅसचा नंबर कोण लावायचं, कोणत्या नातेवाइकाच्या लग्नात किती आहेर आला होता हे कोणाला पाठ होतं, शेजाऱ्यांशी गाडी लावण्यावरून झालेलं भांडण कोण मिटवायचं. मग ती कोणाकोणाच्या मध्ये उभी असायची तेही लिहा. भावाचा राग वहिनीपर्यंत पोचण्याआधी ती कुठे अडवायची? तुम्ही फोनवर बोललेलं कोणतं वाक्य ती भावाला सांगायची आणि कोणतं गाळायची? अशा घरांत आई हीच निरोप देणारी असते. ती गेल्यावर चाळिशी ओलांडलेले भाऊ-बहीण पहिल्यांदाच एकमेकांशी थेट बोलायला लागतात, आणि त्याची सवय दोघांनाही नसते. मला तुमच्या १६० पानांत हे एकदाच दिसलं, बँकेच्या लॉकरच्या प्रसंगात, आणि तो प्रसंग तुम्ही अर्ध्या पानात आटोपलात.

एक प्रसंग करून दाखवते. तुमच्या आई फेब्रुवारीत गेल्या, म्हणजे त्यांच्यामागचा पहिला उन्हाळा लगेच आला. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि घरात एकच मोठा कुलर चालू.

'हॉलमध्ये गाद्या ओळीनं घातल्या होत्या. कुलरच्या समोरची जागा पोरांची, मग दादा-वहिनी, आणि भिंतीकडेला ती, पुण्याहून आलेली बहीण. दोनच्या सुमारास पंपाचा आवाज बदलला. ताट्यांवरून पाणी पडायचं थांबलं, पंप कोरडाच घरघरायला लागला आणि थोड्या वेळानं हवा गरम यायला लागली. दादा जागा होता. वहिनी जागी होती, तिची बांगडी वाजली. बहिणीला स्वतःला उठावंसं वाटलं, पण बादली आता कुठे ठेवतात ते तिला माहीत नव्हतं, आणि स्वयंपाकघरातला लाइट लावला असता तर सगळ्यांना जागं व्हावं लागलं असतं. कोणीच उठलं नाही. शेवटी दादानं हात लांब करून पंपाचं बटण बंद केलं. पहाटेपर्यंत सगळे गरम हवेत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी रात्री वहिनीनं जेवणं झाल्याबरोबर पाइप लावून टाकी काठोकाठ भरली. भरून झाल्यावर बहीण म्हणाली, आई झोपायच्या आधी भरायची, साडेदहाला. वहिनी म्हणाली, हो, मीच बादल्या आणून द्यायची.'

या प्रसंगात आईची आठवण काढून कोणी रडलेलं नाही. पण ती रोज रात्री झोपण्याआधी पाणी भरायची हे कळलं, ती गेल्यावर त्या कामाला मालक उरला नाही हेही कळलं, आणि शेवटच्या दोन वाक्यांत नणंद-भावजयीची गाठ पडली. मुलीला आई पाणी भरताना आठवते. सुनेला बादल्या उचलताना स्वतःचे हात आठवतात. दोघी खऱ्या आहेत. पुढच्या शंभर पानांचं भांडण या दोन वाक्यांत आहे आणि वाचकाला ते पुढे कुठे जातं हे पाहायचं आहे. तुमच्या हस्तलिखितात वहिनी फक्त चहा आणून देते आणि डोळे पुसते. तिला बोलतं करा. माझ्या मते ही कादंबरी जितकी तुमची आहे तितकीच तिची आहे, कदाचित थोडी जास्तच.

आपलेपणाचंही तसंच आहे. तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता, 'ते घर माझं होतं.' वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. आपलेपणा दिसतो तो माणूस कोणती गोष्ट न विचारता करतो त्यातून. फ्रिज कोण सरळ उघडतं, आलेल्या कुरिअरवर सही कोण करतं, दुपारी आतल्या खोलीत जाऊन कोण बिनदिक्कत आडवं होतं. आणि आपलेपणा सुटतो तेव्हाही तो अशाच एखाद्या बारीक जागी सुटतो. ज्या दिवशी मुलगी माहेरच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून 'चहा करू का?' असं विचारते, तो दिवस शोधा. आईच्या हयातीत तिनं ते कधीच विचारलं नसणार. तो प्रश्न कोणत्या महिन्यात आला, समोर कोण होतं आणि उत्तर काय मिळालं, हे लिहिलंत की 'माझं घर' हे शब्द लिहायची गरजच पडणार नाही.

तुमच्या पानांत कुरडयांचा डबा आहे. आईनं शेवटच्या उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, आणि तो डबा उघडल्यावर तुम्हाला भरून आलं. हे प्रकरण मी काढूनच टाकलं असतं, पण डबा ठेवला असता. गेलेल्या आईच्या हातचं लोणचं, पापड, कुरडया हे इतक्या हस्तलिखितांत येतं की वाचक आधीच हात जोडून बसलेला असतो. तोच डबा अक्षय्य तृतीयेला आणा. आपल्याकडे त्या दिवशी पितरांचं पान वाढतात, घागर भरतात, चिंचवणी करतात, कुरडया तळतात. आई गेल्यानंतरची ती पहिली अक्षय्य तृतीया. वहिनीनं सगळाच डबा तळून टाकला, कारण घरात पाहुणे होते आणि सणाला कमी पडायला नको. बहिणीला त्यातल्या चार तरी पुण्याला न्यायच्या होत्या, पण तसं ती कधी बोलली नव्हती. पितरांच्या पानावर कुरडई वाढलेली आहे, सगळे जेवताहेत, आणि एकटी बहीण घास हातात घेऊन बसली आहे. वहिनीचं चुकलं का? अजिबात नाही. ज्या सणासाठी कुरडया घातल्या त्याच सणाला तिनं त्या तळल्या. वाचकानं दोघींची बाजू एकाच वेळी घ्यावी असा प्रसंग मिळाला की तो सोडू नये.

आता कागदपत्रं. हा भाग तुम्ही सगळाच गाळला आहे आणि मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. घर विकलं गेलं हे तुम्ही एका ओळीत सांगता. पण मराठी घरांत मृत्यूनंतरची खरी बोलणी कागदांवरच होतात. माणसं आठवणींवरून भांडू शकत नाहीत, म्हणून सह्यांवरून भांडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणजे तेरवीच्या धावपळीतच कोणाला तरी महानगरपालिकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. दाखल्याच्या किती प्रती काढायच्या हे विचारल्यावर तो माणूस जो आकडा सांगतो, त्यावरून त्याच्या डोक्यात पुढचं किती आहे ते कळतं. एवढ्यावर एक प्रकरण होईल.

तुमचं घर वडिलांच्या नावावर होतं आणि वडील गेल्यावर कोणी नावं चढवलीच नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. हे फार घरांत होतं. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मुंबई-पुण्याकडे ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्यावर, कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव शांतपणे बसून असतं. शिवाय धंतोली-रामदासपेठ या बाजूला बरीच जमीन नझूलची. घर आपलं, जमीन सरकारची, पट्टा ३० वर्षांचा आणि त्याचं नूतनीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं. विकायचं म्हटलं की परवानगी हवी, आणि परवानगीसाठी आधी वारसांची नावं हवीत. चार पिढ्यांच्या आठवणी असलेलं घर, आणि सरकारी कागदावर ते कुटुंब भाडेपट्ट्यानं राहणारं! आपलेपणावर लिहायला बसलेल्या माणसाला याहून मोठी देणगी कोणती हवी? ती तुमच्या घराच्या कपाटात होती आणि तुम्ही तुळशीवर आठ पानं लिहिलीत.

कायदा मात्र नीट लिहा, कारण यात कादंबऱ्यांत फार गोंधळ असतो. मुलींना वाटा २००५ पासून मिळतो असं पात्रं सर्रास बोलतात. वडिलांनी स्वतः कमावून बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. ९ सप्टेंबर २००५ला बदललं ते वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल. तिथे मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असायला हवेत असं काही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. पात्रानं चुकीचं बोललेलं चालेल, घरोघरी लोक चुकीचंच बोलतात. लेखिकेला मात्र बरोबर काय ते माहीत हवं, म्हणजे कोण कोणाला फसवतं आहे आणि कोण स्वतःच फसलं आहे हे तिला दाखवता येईल.

तुमच्या गोष्टीत याचा अर्थ काय होतो ते बघा. दोन भावंडं, मृत्युपत्र नाही, म्हणजे निम्मं तुमचं, निम्मं भावाचं. आणि ज्या सुनेनं त्या घरात राहून सासूचं शेवटचं आजारपण काढलं, औषधांच्या वेळा पाळल्या, रात्री उठून अंथरूण बदललं, तिच्या नावानं काहीच नाही. कायद्यानं बहिणीला न्याय दिला आणि तो योग्यच आहे. पण त्या घरात रोज राहिलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलं तर पुण्याहून वर्षातून दोनदा येणारी नणंद अर्ध्या घराची मालकीण आहे. भाऊ हक्कसोडपत्राचा विषय काढेल तेव्हा तो लोभानं बोलतो आहे की बायकोच्या कष्टांची किंमत मागतो आहे? हे त्यालाही नीट माहीत नसेल. त्याला ते माहीत नसू द्या. तुमच्या हस्तलिखितात भाऊ थोडा खलनायक झाला आहे. राग येणं साहजिक आहे, पण ज्या माणसाचा तुम्हाला राग आला आहे त्याला निदान एका मोठ्या प्रसंगात पूर्णपणे बरोबर ठरवा, आणि तो प्रसंग सगळी ताकद लावून लिहा.

यातूनच सुरुवातीचं आणि रचनेचं उत्तर मिळतं. बरेच जण मृत्यूपासून वर्षश्राद्धापर्यंतचं एक वर्ष घेतात. तेरवी, रामटेकच्या अंबाळा तलावावरचं क्रियाकर्म, पहिले सण, पितृपक्ष, वर्षश्राद्ध. क्रम तयारच मिळतो, पण तो वाचकालाही आधीच ठाऊक असतो. मी तुमच्या जागी असते तर इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतल्यापासून रजिस्ट्रीपर्यंतचे महिने घेतले असते. इसार घेतला की घड्याळ चालू होतं. मुदत आहे, बिल्डरचा माणूस फोन करतो आहे, परवानगी अडकली आहे, एका सहीसाठी पुण्याहून यायचं आहे. त्या मुदतीत सामान वाटायचं आहे, आणि सामान वाटताना आईचं सगळं आयुष्य ओघानं येतंच, आठवणींची प्रकरणं वेगळी करावी लागत नाहीत. पहिलं वाक्य मृत्यूचं नको. पहिल्या पानावर पैसे मोजले जाऊ द्यात.

नागपूर किती आणायचं? तुमच्या पानांत संत्री आहेत, तर्री पोहे आहेत, आणि मारबतीवर, म्हणजे पुतळ्यांच्या त्या मिरवणुकीवर, एक अख्खं प्रकरण आहे. मारबतीचं प्रकरण सुंदर लिहिलं आहे, पण ते तिथे शोभेसाठी आलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गर्दी चालली आहे आणि तुमची नायिका ती बघते आहे, बस. त्याच दिवशी तिला काहीतरी काम असायला हवं. महाल भागातल्या वकिलाकडे कागद घेऊन पोचायचं आहे, रस्ते बंद आहेत, आणि भाऊ पलीकडच्या बाजूला अडकला आहे. मग ती मिरवणूक तुमच्या गोष्टीतली होईल. शहर पात्रांच्या वाटेत आडवं यायला हवं, तेव्हाच ते वाचकाच्या लक्षात राहतं.

पण सणांहून आणि खाण्याहून खोल असं नागपूर वेगळं आहे, आणि तुमच्या विषयाला ते अगदी जवळचं आहे. हे शहर स्वतः एकदा पोरकं झालं आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचं राजधानीपण गेलं. कचेऱ्या आणि माणसं भोपाळ-मुंबईकडे वाटली गेली. उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ उरलं. सरकारी नोकरीतल्या कितीतरी घरांत एक भाऊ तिकडे आणि एक इकडे झाला. धंतोलीतल्या जुन्या घरांतले आजोबा हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत जरा ताठ बसायचे, त्यामागे हे आहे. आणि त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ला, याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणजे एकाच शरदात नागपुरातल्या काही घरांना आपलं काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटलं, आणि काही घरांना पिढ्यान्पिढ्या नाकारलेलं माणूसपण मिळालं. तुमच्या कादंबरीतल्या दोन म्हाताऱ्या शेजारणी, एक धंतोलीतल्या बंगल्यातली आणि दुसरी तिच्याकडे शिवणाची कामं घेऊन येणारी, १९५६ हे साल वेगवेगळ्या आवाजात उच्चारतील. शहराचा इतिहास इतपतच येऊ द्या, बोलण्याच्या ओघात, आणि समजावून सांगायला थांबू नका.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कुटुंब आणि वियोग यांवर लिहिताना आपण नकळत एकाच तऱ्हेचं घर सगळ्यांचं घर म्हणून मांडतो. सगळीकडे तेरवी नसते. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्रिशरण-पंचशील होतं, माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात. त्या घरातल्या आजीनं जुने देव सोडले तेव्हा तिनं काय गमावलं, असं विचारत बसू नये. तिनं आपलं म्हणून काय निवडलं आणि त्यासाठी कोणाकोणाशी वाकडं घेतलं, ते लिहावं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेल्या घराची गोष्ट अजून निराळी. त्या धरणाची पायाभरणी १९८८ची, वैनगंगेकाठची गावं उठली, आणि त्यातली काही माणसं पोटासाठी नागपूरच्या कडेच्या वस्त्यांत आली. त्यांच्या पोरांना शाळेत 'तुमचं गाव कोणतं?' असं विचारलं की ती जे नाव सांगतात त्या नावाची वस्ती आता दुसऱ्याच जागी आहे. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाई भंडाऱ्याकडच्या आहेत असं एका ठिकाणी येऊन जातं. त्यांना एखाददुसरं पान द्या. घर विकून पैसे घेणारी माणसं आणि घर बुडून मोबदल्यासाठी खेटे घातलेली बाई एकाच स्वयंपाकघरात उभी आहेत. त्यांच्यात काय बोलणं होईल, किंवा काय बोलणं टळेल, याचा विचार करा.

बोलीबद्दल माझी एक स्पष्ट तक्रार आहे. तुमच्या पानांत सगळे प्रमाण मराठी बोलतात, आणि 'मले', 'तुले', 'काहून' एवढं फक्त त्या कामवाल्या बाईंच्या तोंडी आहे. हे कृपा करून बदला. धंतोलीतला डॉक्टरही घरी 'काय करून राहिले?' असंच विचारतो. बोली फक्त गरिबाच्या तोंडात घातली की ती त्याच्या गरिबीची खूण होऊन बसते, आणि तुमच्या मनात तसं नसलं तरी वाचकाला तेच पोचतं. घरातल्या प्रत्येकाला त्याची त्याची पातळी द्या. आजी पूर्ण वऱ्हाडी वळणाची, भाऊ मधला, शाळेतली पोरं अर्धी हिंदी, आणि तुम्ही दोन्हीकडच्या. तुमच्या नायिकेची भाषा पुण्याच्या ऑफिसात एक आणि भावाचा फोन आला की दुसरी असणार. आई गेल्यावर तिला दिवसेंदिवस त्या दुसऱ्या भाषेत बोलायला कोणी उरत नाही, हे नुसत्या संवादांतून दाखवता येईल. निवेदन प्रमाण भाषेतच ठेवलंत तरी चालेल. तळटीपा मात्र देऊ नका, संदर्भानं सगळं कळतं.

शेवटाबद्दल. तुम्ही किल्ली देण्याच्या प्रसंगावर थांबता. रिकामं घर, भिंतीवर फोटोचे डाग, हातातली किल्ली. हे फार जणांनी केलं आहे आणि त्यात कोणालाच काही ठरवावं लागत नाही. रजिस्ट्री झाल्यावर अजून एक-दोन प्रकरणं पुढे जा. निम्मे पैसे तुमच्या नायिकेच्या खात्यात आले. ती त्यातलं वहिनीला काही देऊ करते का? वहिनी घेते का? दिले तर भावाला सांगून की न सांगता? आणि पुढच्या दिवाळीत भाऊबीज कुठे होते, भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये की फोनवर? घर गेल्यावर त्या दोघांत भाऊ-बहीण म्हणून काही उरतं का, हाच तुमच्या कादंबरीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर किल्ली देताना मिळत नाही, नंतरच्या पहिल्या सणाला मिळतं. ते उत्तर गोड असावं असा माझा आग्रह नाही.

आता भाऊ-वहिनी दुखावतील याचं. नावं बदलून काही होत नाही, नातेवाईक पहिल्या पानावरच ओळखतात. व्यवसाय बदला, भावंडांचा क्रम बदला. बँकेतला थोरला भाऊ एसटीतला धाकटा भाऊ करून बघा. तो सकाळी किती वाजता उठतो, कोणाशी बोलतो, त्याच्या हाताला कसला वास येतो, हे सगळं तुम्हाला नव्यानं शोधावं लागेल, आणि शोधता शोधता तो तुमचा भाऊ राहणार नाही, कादंबरीतला माणूस होईल. त्याच्याबद्दलचा राग तिथे कमी होतो, कुतूहल वाढतं. आईचं आजारपण मात्र बदलू नका. ते तुम्ही जवळून पाहिलं आहे आणि त्या पानांत एकही खोटा शब्द नाही.

लिहीत असताना त्यांना काही दाखवू नका. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत लिहिलेली कादंबरी पंचवीस पानांत गुळमुळीत होते. पूर्ण झाल्यावर, प्रकाशकाकडे देण्याआधी, दाखवाच. दाखवताना पूर्ण हस्तलिखित द्या, त्यांच्यावरची पानं वेगळी काढून देऊ नका, कारण तेवढीच पानं वाचली तर ती तक्रारीसारखी वाचली जातात. उत्तरासाठी घाई करू नका. भाऊ म्हणेल 'असं झालंच नव्हतं', तर वाद न घालता कसं झालं होतं ते त्याला विचारा आणि ऐकून घ्या, त्यात एखादं प्रकरण सापडेल. आणि वहिनीला वेगळी प्रत द्या, तिच्या हातात. भावाकडून तिच्यापर्यंत गेलेली प्रत भावाच्या मतासकट पोचेल, आणि तुम्हाला तिचं स्वतःचं मत हवं आहे.